आईची पहिली नोकरी

२ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पोचले. ट्रंक पोचली, बरणी फुटली नाही, मीही फुटले नाही. तुझ्या बाबांना फोनवर एवढंच सांगितलं, कारण ते फोन मोठ्या आवाजात लावून दुकानाच्या काउंटरवर ठेवतात आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेली माणसंही माझी चौकशी करतात. काल कोणी अनोळखी गृहस्थ मला म्हणाले, वहिनी, जपून राहा. म्हणून बाकीचं सगळं पत्रात.

वसतिगृह नोकरी करणाऱ्या मुलींचं आहे. मुलगी ह्या शब्दाचा अर्थ त्यांनी माझ्यासाठी जरा ताणून घेतला. खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, दोन कपाटं, आणि एक टेबल, ज्याचा चौथा पाय बाकीच्या तिघांशी बोलत नाही. खिडकी उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची खिडकी, आणि तिच्यात एक गृहस्थ रोज दाढी करतात. आज त्यांनी फेसाळलेल्या तोंडाने मला मान लववून नमस्कार केला. मीही केला. शेजारधर्म आहे. भाडं ऐकल्यावर मी व्यवस्थापिकाबाईंना विचारलं, हे वर्षाचं ना? त्या हसल्या नाहीत. ह्या शहरात लोक लिंबूसुद्धा विचार करून पिळतात.

खोलीतली दुसरी मुलगी विमा कंपनीत आहे, तेवीस वर्षांची. ती पहाटे पाच गजर लावते आणि एकानेही उठत नाही. पहिल्या गजराला मी उठते, बाकीचे चार बंद करते आणि मग तिला हलवते. मी तिचं नाव गजरवाली ठेवलंय. मला काकू म्हणावं की ताई, ह्या पेचात तिने दोन दिवस मला ‘अहो, ते हे’ अशी हाक मारली. आज ताईवर तडजोड झाली.

आता कामाचं, म्हणजे तुझी परिक्षा. प्रवेशाच्या अर्जात ‘पालकाचे नाव व सही’ असा रकाना आहे. मी बाईंना सांगितलं, मी सेहेचाळीस वर्षांची आहे. त्या म्हणाल्या, रकाना रिकामा चालत नाही. आईवडील आता नाहीत म्हटलं, तर म्हणाल्या कोणीही जवळचं सज्ञान माणूस चालेल. तुझ्या बाबांची सही म्हणजे मुंगीने शाईत पाय बुडवून काढलेला पळ. म्हणून तुझं नाव लिहिलं आहे. अर्ज सोबत आहे. सही करून उलट टपाली पाठव, नाहीतर तुझी आई रस्त्यावर.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही हे सही आल्यावर ठरवू.

तुझी
आई (प्रथम श्रेणी)


९ जुलै

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पालकाने सही केली आहे. आता पालक म्हणून चार शब्द. वेळेवर जेवत जा. अनोळखी माणसांशी बोलू नको, विशेषतः फेस लावलेल्या. संध्याकाळी सातच्या आत खोलीवर ये. आणि नावापुढे प्रथम श्रेणी लिहिणं सोड. आपण दोघी एकाच कॉलेजात तीन वर्षं गेलो, एकाच दिवशी पदवी घेतली, तुला पहिला वर्ग मिळाला आणि मला दुसरा, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पदवीदानाच्या दिवशी फोटोवाल्याने तुला पालकांच्या रांगेत बसायला सांगितलं होतं, तेव्हाच मी पुढचं ओळखायला हवं होतं.

तुझं पत्र मी तांबड्या शाईने तपासलं. ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका. भौतिकशास्त्रात पहिला वर्ग असला तरी ‘परीक्षा’तली री दीर्घ असते.

इकडची खबर अशी. बाबांनी स्वयंपाक हातात घेतला आहे. ते फोडणीचं तेल दुकानातल्या औषध घालायच्या थेंबनळीने मोजतात. मीठ घालताना तर एक डोळा मिटतात. काल भाजीत मीठ नव्हतंच, पण बाबांनी इतक्या आशेने बघितलं की मी बरोबर आहे म्हणाले. शेजारच्या काकू रोज डबा घेऊन येतात आणि रोज विचारतात की तुझ्या आईला तिथे कोणी त्रास तर देत नाही ना. मी म्हणते, अजून पहिला आठवडा आहे, आई सुरुवात करेल सावकाश.

कॉलेजात दाखला आणायला गेले तर सगळे विचारत होते, मोठ्या शहरात कधी निघालीस? मी सांगितलं, मी नाही, आमची आई निघाली. शिपाईकाका इतके हसले की त्यांनी शिक्का उलटा मारला. माझं नोकरीचं अजून कुठून काही नाही. तोवर दुकानात बसून लोकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घेते.

वडीलकीच्या नात्याने रागावले असेन तर लहान समजून पोटात घाल.

तुझी आज्ञाधारक पालक
ठमी


१७ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझी सही बघून व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या, पालक शिस्तीचे दिसतात. मी मान डोलावली.

आता नोकरीचं ऐक. कंपनी घरातली यंत्रं बनवते, हे तुला माहीत आहे: किटल्या, मिक्सर, इस्त्र्या. आमचा चाचणी विभाग तळघरात. तिथे एक लोखंडी हात आहे, तो मिक्सरचं बटण दहा हजार वेळा फिरवतो. दहा हजार झाले की घंटा वाजते आणि कोणीतरी वहीत ‘योग्य’ लिहितं. विभागातले सगळे तिशीच्या आतले आहेत. वयाने मी सगळ्यात थोरली आणि नोकरीने सगळ्यात धाकटी, त्यामुळे चहा कोणी कोणाला आणून द्यायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आम्ही आपापला आणतो.

मोठे साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, घाईत आहे. मुलाखतीत त्यांनीच मला अनुभव विचारला होता आणि मी सांगितलं होतं, चोवीस वर्षं, तीन मिक्सर, पाच इस्त्र्या, एक स्फोट. तेव्हा ते हसले होते. आता मी रोज काहीतरी विचारते तेव्हा तितके हसत नाहीत. परवा माहितीपुस्तिकेत वाक्य होतं, यंत्राला हात लावण्यापूर्वी दोन्ही हात पूर्ण कोरडे करावेत. मी विचारलं, कोणत्या घरात ओट्यापाशी कोरड्या हाताचं माणूस असतं? आमच्या घरी तर फक्त तुझ्या बाबांचे असतात, आणि ते ओट्यापाशी नसतात. (आता असतात हे कळलं. त्यांना सांग, डोळा मिटून मीठ कळत नाही, जिभेला लावून कळतं.)

नवीन किटली येते आहे. तिला घाट देणारा मुलगा हुशार आहे. सगळे त्याला घाटवाला म्हणतात. किटली दिसायला अशी की पाणी न तापवता नुसती बघत बसावी. झाकण इतकं सपाट की बोट कुठे लावायचं ते कळत नाही. ती आता माझ्याकडे तपासायला आली आहे. मला तीन महिन्यांची मुदत आहे, सप्टेंबरअखेर. तोवर काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परतीची गाडी.

पगारातून भाडं गेल्यावर जे उरतं त्यात रविवारी एक कुल्फीसुद्धा येत नाही. गजरवाली आणि मी एक कुल्फी घेऊन दोन काड्या मागतो. दुकानदार आता ओळखतो.

‘परीक्षा’ ह्या वेळी दीर्घ लिहिली आहे, बघून घे. तुझ्या माघारी तुझी आठवण काढणारी, आणि समोर असताना तुला ओरडणारी,

आई


३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तब्येत उत्तम आहे. काम उत्तम आहे. टेबल फार हलतं म्हणून अक्षर असं आलंय. गजरवाली शेजारी गाते आहे त्यामुळे सुचतही नाही.

तू नोकरीचे अर्ज करतेस ना? बाबांना लोणचं कमी खायला सांग. मोठं पत्र नंतर.

लोभ आहे तसाच.

आई


९ ऑगस्ट

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं चिमुकलं पत्र आणि वसतिगृहाचं मोठं पत्र एकाच दिवशी आलं. व्यवस्थापिकाबाई मला कळवतात की माझ्या पाल्याने खोली क्रमांक एकतीसमध्ये विजेची किटली वापरून नियम चौदाचा भंग केला आहे, तरी पालकांनी योग्य ती समज द्यावी. मी उलट टपाली लिहिलं की मुलगी लहानपणापासून जिज्ञासू आहे, सुधारेल. पण आई, किटली खोलीवर कशाला नेलीस?

खरी गंमत पुढे आहे, आणि ती गंमत नाही. तुझं पत्र बाबांनी दुकानात नेलं. भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिले. गिऱ्हाईक समोर एका डोळ्यावर हात ठेवून बसलंय, आणि बाबा तुझ्या वेलांट्या आणि उकार बघताहेत. मग मला म्हणाले की टेबल हललं तर अक्षर वरखाली होतं, असं एका बाजूला आडवं पडत नाही. आणि शाई प्रत्येक ओळीत पुसली आहे, कारण लिहिणारा हात ओल्या अक्षरांवरून सरकला आहे. हे पत्र डाव्या हाताने लिहिलेलं आहे. तुझी आई डावरी नाही.

त्यानंतर त्यांनी दुकान चार वाजता बंद केलं. गेल्या दहा वर्षांत त्यांनी दुकान चार वाजता बंद केलेलं मला आठवत नाही. आता गाड्यांचं वेळापत्रक घेऊन बसलेत आणि रविवारची गाडी कुठे बदलावी लागते ते पेन्सिलीने खुणा करून ठेवताहेत. मी एक पान लपवलं आहे, पण ते फार दिवस पुरणार नाही.

किटली आणि डावा हात ह्यांची बेरीज मला येते, मी दुसऱ्या वर्गात पास झाले असले तरी. खरं काय ते लिही. डाव्या हाताने लिहिलंस तरी चालेल, गजरवालीकडून लिहून घेतलंस तरी चालेल, पण लिही.

काळजीत, आणि म्हणून जरा उद्धट,
ठमी


१४ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं. फोड आले होते, आता कातडी नवी येते आहे, गुलाबी, तुझ्या बारशाच्या वेळी तू होतीस तशी. कंपनीच्या डॉक्टरांनी मलम लावलं. आज पहिल्यांदाच उजव्या हाताने लिहिते आहे, अक्षर ओळखीचं वाटलं पाहिजे. बाबांना दाखव आणि वेळापत्रक परत पेटीत ठेवायला सांग.

झालं ते असं. तळघरात किटली तपासतात ती मोजून एक लिटर पाणी घालून, जाड हातमोजे घालून आणि ठरलेल्या कोनात कलती करून. तिथे ती शहाण्यासारखी वागते. मला ते खरं वाटेना. म्हणून साहेबांना विचारून ती रात्रीपुरती खोलीवर आणली आणि सकाळी माणसं करतात तसा चहा केला, म्हणजे ओल्या हाताने, गजरवालीशी गप्पा मारत, तिला उशीर झालेला असताना. शेवटचा कप भरायला किटली पूर्ण उलटी केली. आपण करतोच. त्या वेळी सगळी वाफ झाकणाच्या कडेतून थेट अंगठ्यावर आली. कप फुटला, चहा खाटेखाली गेला, आणि गजरवाली आयुष्यात पहिल्यांदा गजराशिवाय पूर्ण जागी झाली.

साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, इतकी कलती करू नये असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. मी म्हटलं, लिहिलेलं आहे पण किटलीला वाचता येत नाही. त्यांनी मग शांतपणे समजावलं. खोकी छापून झाली आहेत, जाहिरात तयार आहे, अहवालावर चौघांच्या सह्या झाल्या आहेत, फक्त माझी राहिली आहे. आणि जाता जाता म्हणाले की माझी मुदत सप्टेंबरअखेर संपते, तेव्हा मी विचार करावा. मी विचार करते म्हणाले. विचार केव्हाच झाला होता, पण लगेच सांगितलं तर उर्मट दिसतं.

ठमे, सही करायची नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण सही केली नाही तर परत यावं लागेल, हेही माहीत आहे. आणि अवघड काय आहे ते तुलाच सांगते, बाबांना वाचून दाखवू नको. मला इथे आवडतंय. मला वाटलं होतं घराची आठवण येऊन रडेन. आठवण येते. पण सकाळी खांद्याला पिशवी लावून तीन जिने उतरते ना, तेव्हा मी उगीचच भरभर उतरते. कोणी मागे लागलेलं नसतं, कोणी पुढे थांबलेलं नसतं. सेहेचाळिसाव्या वर्षी हे असं भरभर उतरणं बरं दिसत नसेल. तरी उतरते.

तुझ्या अर्जांचं काय झालं ते तू लिहीत नाहीस. मी विसरलेले नाही.

आशीर्वाद नेहमीचेच, हात बरा झाल्यामुळे थोडे जास्त.

आई


२१ ऑगस्ट

(मायना काय लिहावा ते कळेना. चोवीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नाही, तू कायम समोरच. ठमी म्हणते ‘प्रिय’ लिहा. तिला बाहेर पाठवून लिहितो आहे.)

प्रिय,

पत्र मला वाचून दाखवायचं नव्हतं असं पत्रातच लिहिलं होतंस. ठमी ते वाचताना तिथे अडखळली. तिचा अडखळणारा आवाज मला ऐकू येतो. मग मी स्वतः वाचलं. जिने जपून उतर, एवढंच म्हणेन. भरभर उतरायला हरकत नाही.

किटलीबद्दल. मी तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. आपलं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी एक निवृत्त मास्तर चष्म्याला आले होते. दुकान बंद करायची वेळ होती. डाव्या डोळ्याच्या नंबराची मला खात्री नव्हती, पुन्हा तपासायला हवा होता. मी तपासला नाही. चालेल म्हणून लिहून दिला. पंधरा दिवसांनी ते शेवटची पायरी चुकले आणि मनगट मोडलं. ते मला म्हणाले की म्हातारपण आलं आता. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हापासून मी लोकांना दोनदा तपासतो आणि तू मला जेवायला उशीर केला म्हणून रागावतेस.

सही करू नकोस. परत यावं लागलं तर स्टेशनवर येईन.

दुसरी गोष्ट ठमीची. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनाने तिला मुद्रितं तपासायच्या कामावर बोलावलं आहे. तुझ्याच शहरात. पत्र जूनमध्ये आलं, तू निघायच्या आधी. तिने नाही म्हणून कळवलं आणि आपल्याला सांगितलं नाही. आता त्यांचं दुसरं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं, जागा पंधरा सप्टेंबरपर्यंत रिकामी ठेवतो म्हणून. ते मी उघडलं. ती मला सांगते की अजून कुठून काही नाही. मी तिला सांगतो की मला सगळं छान जमतंय. घरात सध्या असं चाललं आहे.

काय करायचं ते तू लिही. मला बोलता येणार नाही. मी बोललो की ती म्हणेल, तुमच्यासाठीच राहिले.

खाली काय लिहायचं तेही माहीत नाही. आहे तो लोभ असू दे.

(सही वाचता येणार नाही, पण मीच आहे.)


२६ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आधी किटली, मग तू. दोन्ही प्रकरणं तापलेली आहेत.

मी साहेबांकडे एक तास मागितला. उपाहारगृहात किटली मांडली आणि कंपनीतली तेरा माणसं बोलावली: स्वयंपाकाच्या बाई, झाडू मारणाऱ्या मावशी, टेलिफोनवाली, दोन हिशेबनीस, फाटकावरचा पहारेकरी, अशी. प्रत्येकाच्या अंगठ्याला जाड कापड गुंडाळलं, म्हणजे कोणाला भाजणार नाही, आणि त्यावर टिपकागद बांधला. बाकी काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की चौघांचा चहा ओता, गप्पा मारा, शेवटचा कप पूर्ण भरा. तेरातले नऊ टिपकागद ओले झाले. मावशींनी तर किटलीला अशी शिवी दिली की हिशेबनीसांनी कानावर हात ठेवले. घाटवाला लांब उभा होता. मी त्याच्याही अंगठ्याला कागद बांधला. त्याने स्वतःच्याच किटलीतून चहा ओतला आणि ओला कागद उलटसुलट करून बघितला. मला वाटलं रागावेल. पण त्याने विचारलं की झाकणाची कड किती पुढे आली तर वाफ बोटाकडे वळणार नाही. मी बोट धरून दाखवलं. त्याच्यासकट दहा ओले कागद मी अहवालाला टाचून, प्रत्येकावर नाव लिहून, साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी फाईल घेतली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निकाल अजून नाही.

आता तू. मला प्रकाशनाच्या पत्राचं कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नको, घरात तीनच माणसं आहेत.

जूनमध्ये तू माझी ट्रंक भरत होतीस. माझ्या साड्यांच्या घड्या करत होतीस, आणि तुझ्या खणात ते पत्र होतं. मला ते आठवलं की हसूही येत नाही आणि रागही नीट येत नाही. बाबा एकटे पडतील हे कारण तुला कोणी दिलं? मला ओळखू येतं ते, मी ते स्वतः फार वापरलं आहे. तू दोन वर्षांची असताना मला कॉलेजात प्रवेश मिळत होता. तुझी आजी आजारी होती, मी म्हटलं आता नको. आजी दीड वर्षात ठणठणीत झाली, तिच्याबरोबर पळालेलं तुला आठवत असेल. पुढची पंधरा वर्षं मी त्याच कारणावर बसून राहिले. मला कोणी अडवलं नव्हतं. उलट सगळे कौतुक करत होते, आणि कौतुक झालं की उठवत नाही. ते कारण असं मऊ असतं बघ. कोणी उलटून विचारत नाही.

तुझे बाबा म्हणजे कुंडीतलं रोप नाही, दोन दिवस पाणी घातलं नाही तर माना टाकणारं. त्यांना करमणार नाही, हे खरं. पण त्यांचं न करमणं त्यांचं आहे. ते तू तुझ्या खणात ठेवू नको.

रागावले आहे. तरी आशीर्वाद सुरुवातीला लिहून चुकले, ते परत घेता येत नाहीत.

आई


३ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चुका तीनच आहेत, पण तांबडी शाई काढावीशी वाटली नाही.

तू अर्धं बरोबर ओळखलंस. उरलेलं अर्धं मी लिहिते आणि तू ते वाचून मला चिडवायचं नाही. बाबांचं कारण मी पुढे केलं, कारण ते पुढे करायला बरं होतं. खरं असं की तुझं पत्र आधी आलं. तुझ्या नेमणुकीच्या दिवशी गल्लीतून सगळे येऊन गेले, काकूंनी तुला मिठी मारली, बाबांनी तर पेढ्यांऐवजी चुकून गिऱ्हाइकाला चष्म्याचं घर दिलं. चार दिवसांनी माझं पत्र आलं. मला दिसलं की मी आता तुझ्या पाठोपाठ जाणार. आईचा पदर धरून शहरात. कॉलेजात तीन वर्षं मी पुढच्या बाकावर बसलेल्या माझ्याच आईच्या डोक्यामागून फळा बघितला आहे. तुझ्याशी माझं भांडण नाही. पण एकदा तरी मला आधी जायचं होतं. आणि भीतीही वाटली. तुला सेहेचाळिसाव्या वर्षी वाटली नाही आणि मला बाविसाव्या वर्षी वाटते, हे कोणाला सांगणार?

काल बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाले की भाजीत मीठ नसतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मी खोटं बोलते तेव्हा भुवया वर करते. आम्ही दोघं इतके हसलो की काकू डबा घेऊन दारातच थांबल्या.

होकार पाठवला आहे. पंधरा तारखेला रुजू. पण अटी आहेत. मी तुझ्या खोलीत राहणार नाही. माझी खोली मी फोनवरून शोधली आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, भिंती हिरव्या आहेत आणि नळाला पाणी सकाळी तासभरच येतं. तू स्टेशनवर घ्यायला यायचं नाही. माझ्या कचेरीत डबा घेऊन यायचं नाही. भेटायचं ते रविवारी, तेही मी बोलावलं तर. मला रस्ता चुकायचा असेल तर माझा मला चुकू दे.

पहिल्या रविवारी बोलावेन बहुतेक.

तुझी (द्वितीय श्रेणी, पण स्वतःची)
ठमी


१ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

एकाच शहरात राहून पत्र लिहिते आहे, कारण रविवार लांब आहे आणि निकाल आज लागला.

साहेबांनी वर बोलावलं. किटली सहा महिने पुढे ढकलली आहे, घाटवाला झाकण नव्याने करतो आहे. छापलेली सगळी खोकी वाया गेली, आणि ती किती होती हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला कायम केलेलं नाही, मुदत आणखी तीन महिने वाढवली आहे. पण फाईलवर त्यांनी एक ओळ लिहिली, की यापुढे कुठलीही वस्तू आली की खोकी छापायच्या आधी ती ह्या बाईंकडे द्यावी. रागानेच लिहिली. पेन कागदात रुतलं होतं. पण लिहिली. खाली येऊन बघते तर माझ्या टेबलावर इस्त्री ठेवलेली.

तुझ्या अटीप्रमाणे स्टेशनवर आले नव्हते. त्या दिवशी गाडीच्या वेळेला मी खोलीतच होते. गजरवालीने मला दाराशी खुर्ची टाकून अडवलं होतं, ती गोष्ट वेगळी.

बोलावलं आहेस, तेव्हा रविवारी हिरव्या भिंती बघायला येईन. डबा आणणार नाही. हात मोकळे घेऊन कसं यायचं ते मात्र शिकावं लागेल.

आई


९ ऑक्टोबर

प्रिय आणि चि. ठमी,

दोघींना एकच पत्र. नंबर लिहायच्या वहीतला कार्बन वापरला आहे. वरची प्रत कोणाला आणि खालची कोणाला, ह्यावरून भांडू नये, नाणं उडवून ठरवलं.

तुम्ही दोघींनी ह्या आठवड्यात फोनवर पाच वेळा विचारलं की मी कसा आहे. मी पाचही वेळा मजेत म्हणालो. दर वेळी समोर कोणी ना कोणी हनुवटी टेकवून बसलं होतं. आज गुरुवार, दुकान बंद आहे. नीट उत्तर देतो.

स्वयंपाक जमतो आहे. मीठ जिभेला लावून बघतो. काकूंचा डबा आठवड्यातून दोनदा घेतो, रोज घेतला तर त्या आत येऊन बसतात. मंगळवारी मी त्यांना माझ्या हातची आमटी दिली. त्यांनी भांडं घासून परत केलं, मत दिलं नाही.

संध्याकाळी कुलूप काढतो तेव्हा घर सकाळी जसं सोडलं तसंच असतं. हे मला नवीन आहे. चोवीस वर्षं कोणीतरी काहीतरी हलवलेलं असायचं. वर्तमानपत्र गादीखाली, चिमटा देवाच्या फळीवर, माझी खुर्ची कपडे वाळत घालायला. मी ओरडायचो, एक वस्तू जागेवर राहील तर शपथ. आता सगळं जागेवर आहे. परवा मी वर्तमानपत्र मुद्दाम गादीखाली ठेवलं. पण कुठे ठेवलं ते मलाच माहीत असल्यामुळे लगेच सापडलं.

करमत नाही.

दुकानात माणसं येतात, शेवटची ओळ दिसत नसते, आणि दिसते म्हणून अंदाजाने वाचतात. मला वाईट वाटू नये म्हणून, किंवा चष्मा लागू नये म्हणून. मी त्यांना सांगतो की दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. तेव्हा मीही म्हणतो, करमत नाही. पण काही जण दिसत नाही म्हटल्यावर खुर्ची तक्त्याजवळ ओढायला बघतात. तसं करून नंबर निघत नाही. तक्ता आहे तिथेच ठीक आहे, खुर्ची आहे तिथेच ठीक आहे. डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो, एवढंच.

होईल सवय. दिवाळं काही निघालेलं नाही, माणूस एकटा जेवतो आहे इतकंच. तोवर दोघींनी हे पत्र वाचून रडू नये, काकूंना फोन करू नये, आणि माझ्यासाठी म्हणून कोणीही, कुठल्याही गाडीने, परत येऊ नये, ही आग्रहाची विनंती.

तुमचा
(सही नेहमीचीच)